काचेचं दही आणि न उडणारं मीठ

आजचा भाग केमिस्ट्रीचा आहे, पण घाबरू नका. बीटेकच्या पहिल्या वर्षी केमिस्ट्रीत मी जेमतेम काठावर पास झालो होतो. त्यामुळे जे मला समजलंय ते तुम्हाला नक्की समजेल.

गेल्या पावसाळ्यात ड्रॉवर आवरताना माझा एक जुना फोन सापडला. मागचं कव्हर एका बाजूने उचललेलं होतं. आधी वाटलं पडलाबिडला असेल. मग लक्षात आलं की आतली बॅटरी फुगली आहे. दुकानदाराने तो हातातसुद्धा घेतला नाही, लांबूनच म्हणाला, "दाबू नका, चार्जिंगला लावू नका." त्याचं बरोबर होतं. लिथियम बॅटरीत दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये एक द्रव असतो, आणि त्यातूनच लिथियमचे आयन इकडून तिकडे जातात. पण हा द्रव म्हणजे सेंद्रिय सॉल्व्हंट. तो ज्वलनशील असतो, बिघडला की त्याचा वायू होतो, आणि गळला की संपलंच. बॅटरीला आयन फिरायला द्रव हवा, आणि तोच द्रव तिचा सगळ्यात धोकादायक भाग.

मग प्रश्न असा पडतो की आतून द्रव आणि बाहेरून घट्ट असं काही बनवता येईल का? जे गळणार नाही, उडून जाणार नाही, पेटणार नाही, पण ज्याच्यातून आयन मात्र पाण्यात पोहल्यासारखे जातील?

असा पदार्थ आहे. त्याला आयनोजेल म्हणतात. त्याची गोष्ट मला आवडली कारण ती दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींना उशिरा भेटल्याची आहे. एक गोष्ट न उडणाऱ्या मिठाची, दुसरी काचेच्या जेलीची. आणि दोन्हींच्या मध्ये एकच भांडण: जेलीतला द्रव काढून टाकायचा की ठेवायचा?

आधी मीठ.

घरातलं मीठ वितळवायचं तर ८०१ अंश सेल्सिअस लागतात. का? सोडियम आणि क्लोराइड हे छोटे, गोल, विरुद्ध भाराचे आयन. ते एकमेकांना घट्ट धरून ओळीत बसतात. दिवाळीच्या फराळाचा डबा आठवा. सारख्या आकाराचे लाडू कसे रचून बसतात. आता त्याच डब्यात लाडवांबरोबर चकल्या आणि करंज्या कोंबा. रचना जमतच नाही. काही आयन असे चकलीसारखे असतात: मोठे, वेडेवाकडे, भार सगळ्या अंगावर पसरलेला. त्यांना स्फटिक बनून बसायला जमत नाही, म्हणून ते मीठ खोलीच्या तापमानालाही द्रवच राहतं. पाण्यात विरघळलेलं मीठ नव्हे हं. पाण्याचा थेंब नाही, नुसतं मीठ, आणि तरी पातळ. यालाच आयनिक लिक्विड म्हणतात. साधारण शंभर अंशांच्या खाली वितळणारं मीठ या नावाखाली मोजतात.

याचा जनक म्हणून पुस्तकात नाव येतं पॉल वाल्डेन यांचं. हे रीगाचे, म्हणजे आजच्या लॅटव्हियाचे रसायनशास्त्रज्ञ. रेणूचा आकार आणि विजेची वाहकता यांचा संबंध त्यांना शोधायचा होता. त्यासाठी पाणी नसलेली, पण सहज वितळणारी मिठं हवी होती. १९१४ साली त्यांनी एथिलअमोनियम नायट्रेट या मिठाबद्दल लिहिलं. ते १२ अंशांना वितळतं, म्हणजे पुण्याच्या थंडीतल्या बऱ्याच रात्री ते पातळच राहील. पेपर छापला गेला आणि त्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. कोणी फारसं लक्ष दिलं नाही.

इथे एक गोष्ट मला सांगायचीच आहे. वाल्डेन यांच्या तीन वर्षं आधी, १९११ मध्ये, कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमधून आचार्य प्रफुल्लचंद्र राय आणि त्यांचे सहकारी जितेंद्रनाथ रक्षित यांनी याच कुळातल्या मिठांवर लंडनच्या केमिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये पेपर छापला होता. एथिलअमोनियम नायट्राइट त्यातलंच. नायट्रेट नाही, नायट्राइट. राय नायट्राइटवाले म्हणूनच प्रसिद्ध होते. राय यांना "नवा वर्ग" वगैरे काही जाहीर करायचं नव्हतं, पण वंशावळ लिहायची तर त्यांचं नाव वाल्डेन यांच्या वरच्या ओळीत यायला हवं असं माझं मत आहे.

मधली काही दशकं भराभर ओलांडू. १९५१ मध्ये टेक्ससच्या राइस इन्स्टिट्यूटमध्ये हर्ली आणि वीअर या दोघांनी ॲल्युमिनियमचा मुलामा देण्यासाठी ॲल्युमिनियम क्लोराइड आणि एक पिरिडिनियम मीठ एकत्र केलं. दोन्ही घन, आणि मिसळून जरा गरम केल्यावर चक्क स्वच्छ द्रव तयार झाला.

पण खरी पैशाची आणि माणसांची ताकद लागली ती अमेरिकन हवाई दलाची. कारण क्षेपणास्त्रं. क्षेपणास्त्रातली बॅटरी वर्षानुवर्षं पडून राहणार आणि एक दिवस, काही मिनिटांसाठी, लगेच चालू व्हायला हवी. त्यासाठी थर्मल बॅटरी वापरत. आत लिथियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइडचं मिश्रण. थंड असताना ते दगडासारखं घट्ट, म्हणून बॅटरी झोपलेली. डागायच्या क्षणी आतच एक रासायनिक शेकोटी पेटवायची, मीठ वितळतं, आयन धावायला लागतात. भन्नाट कल्पना आहे. पण ते मिश्रण वितळतं ३५५ अंशांना. एवढी भट्टी क्षेपणास्त्राच्या नाजूक इलेक्ट्रॉनिक्सच्या शेजारी! म्हणून कोलोरॅडोतल्या एअर फोर्स अकॅडमीत १९६० च्या दशकात लोवेल किंग या अधिकाऱ्याने कमी तापमानाला वितळणारी मिठं शोधायला सुरुवात केली. सोडियम क्लोराइड आणि ॲल्युमिनियम क्लोराइडने ते १०७ अंशांवर आणलं. पुढे १९८२ मध्ये जॉन विल्क्स आणि सहकाऱ्यांनी इमिडॅझोलियम नावाचा "चकली" आयन आणला आणि मीठ खोलीच्या तापमानाला द्रव झालं.

तरी एक मोठा लोचा होता. ॲल्युमिनियम क्लोराइडवाल्या या द्रवांना हवेतला दमटपणाही चालत नसे. जरा ओल लागली की हायड्रोक्लोरिक ॲसिडचे धूर. सगळं काम कोरड्या, बंद पेटीत हातमोजे घालून. मुंबईत तर विचारच नको. १९९२ मध्ये विल्क्स आणि मायकेल झावोरोत्को यांनी ॲल्युमिनियम काढून टाकलं आणि दुसऱ्या भाराचे साधे आयन लावले. हवा-पाण्यात टिकणारी आयनिक लिक्विड तयार झाली, आणि हा विषय सैन्याच्या प्रयोगशाळेतून सगळ्या जगात पसरला.

"टिकणारी" हा शब्द जरा उदार होता. त्यातल्या टेट्राफ्लुओरोबोरेटसारख्या आयनांना पाणी आणि उष्णता मिळाली की हळूहळू हायड्रोफ्लुओरिक ॲसिड सुटतं, आणि ते ॲसिड काच खातं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे काचच येणार आहे. १९९६ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये मिखाएल ग्रेटझेल यांच्या गटाने पाण्याशी फटकून वागणारे, जास्त टिकाऊ आयन असलेले द्रव मांडले. त्यांना ते हवे होते रंगद्रव्यावर चालणाऱ्या सोलर सेलसाठी. उन्हात तापणाऱ्या त्या सेलमधला नेहमीचा सॉल्व्हंट उडून जायचा, गळायचा. आयनिक लिक्विड उडत नाही, कारण आयन विरुद्ध भारांनी एकमेकांना धरून असतात, वाफ व्हायला मोकळं कोणी सुटतच नाही. (अगदीच अशक्य नाही. २००६ मध्ये काही आयनिक लिक्विड व्हॅक्यूममध्ये, दोनशे-तीनशे अंशांना तापवून ऊर्ध्वपातन करून दाखवली. पण तुमच्या खिशात ती परिस्थिती यायची नाही.)

इथवर मीठ उडणं थांबलं, पण गळणं थांबलं नाही. द्रव तो द्रवच. भांडं फुटलं की सांडणार.

आता जेली.

१८४० च्या दशकात फ्रान्समध्ये झाक-जोसेफ एबेल्मेन नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ होता, पॅरिसजवळच्या सेव्हरच्या प्रसिद्ध चिनीमातीच्या कारखान्याशी जोडलेला. त्याने सिलिकॉन क्लोराइड आणि अल्कोहोल यांच्यातून एक पातळ द्रव बनवला. तो दमट हवेत ठेवला तर अतिशय सावकाश घट्ट होत गेला आणि शेवटी काचेसारखा पारदर्शक घन झाला. भट्टी नाही, आग नाही. काच आपोआप विरजली म्हणा ना. एबेल्मेन १८५२ मध्ये, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी गेला. त्याच्या या शोधाचं पुढे काय होणार, हे त्याला कळायचं कारणच नव्हतं.

विरजणाचा शब्द मी उगाच वापरला नाही. दही म्हणजे काय? प्रथिनांचं एक बारीक जाळं आणि त्यात अडकलेलं पाणी. वाटी तिरकी केली तरी पाणी सांडत नाही, कारण जाळ्याने ते धरलंय. सिलिकाचं जेल तसंच, फक्त जाळं प्रथिनांऐवजी सिलिकाचं, म्हणजे काचेच्या मूळ पदार्थाचं. १८६४ मध्ये लंडनच्या टांकसाळीचे प्रमुख असलेले थॉमस ग्रॅहम (हो, टांकसाळ सांभाळून ते केमिस्ट्री करत) यांनी दाखवलं की या जेलमधलं पाणी काढून त्याच्या जागी अल्कोहोल भरता येतं, आणि जेल तसंच्या तसं राहतं. म्हणजे जाळं वेगळं आणि द्रव वेगळा. भाडेकरू बदलला तरी घर उभं. माझ्या मते आयनोजेलची खरी कल्पना इथेच आहे, फक्त योग्य भाडेकरू यायला एकशे चाळीस वर्षं लागली.

मधल्या काळात लोकांना भाडेकरू नकोच होता, घर रिकामं हवं होतं. बुटांच्या खोक्यात जी "खाऊ नका" लिहिलेली पुडी येते, ते सिलिका जेलच, पण वाळवलेलं. आता दही फडक्यात बांधून टांगलं तर काय होतं? पाणी गळतं, जाळं दबतं, चक्का होतो. सिलिकाही वाळताना असंच आक्रसतं. कारण सरळ आहे. द्रव उडत जातो तसा उरलेला द्रव बारीक छिद्रांच्या भिंतींना आत ओढतो. ओला ब्रश पाण्यातून काढला की केस कसे एकमेकांना चिकटतात, तसं. या ओढीने सांगाडा चिरडतो किंवा तडकतो.

१९३१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या स्टॉक्टनमधल्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये सॅम्युएल किस्लर यांनी हे सोडवलं. सांगतात की चार्ल्स लर्नेड या मित्राशी पैज लागली होती: जेली न आकसता तिच्यातला द्रव कोण काढून दाखवतो? किस्लरची युक्ती अशी की द्रवाला एवढं तापवायचं आणि दाबायचं की द्रव आणि वाफ हा फरकच संपतो. पृष्ठभाग नाही तर ओढ नाही. मग हळूच सोडून द्यायचा. उरला तो एअरोजेल, बहुतेक हवाच असलेला, धुरासारखा निळसर दिसणारा घन. दह्यातून पाणी काढलं आणि चक्का झाला नाही! किस्लरने ही करामत अंड्याच्या पांढऱ्यावरसुद्धा करून पाहिली.

किस्लरच्या वाटेला मात्र किंमत होती. तापमान, दाब आणि ज्वालाग्राही अल्कोहोल, तिन्ही एकाच भांड्यात. १९८४ मध्ये स्वीडनच्या एका एअरोजेल कारखान्यात मिथेनॉलने भरलेलं मोठं प्रेशरचं भांडं गळलं, वाफ खोलीभर पसरली आणि स्फोट झाला. इमारत उद्ध्वस्त झाली, सुदैवाने कोणी दगावलं नाही. त्यानंतर कार्बन डायऑक्साइड वापरून कमी तापमानाच्या पद्धती आल्या. आपल्या कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठातही वेंकटेश्वर राव यांच्या एअर ग्लास लॅबोरेटरीने सिलिका एअरोजेलवर कित्येक वर्षं काम केलं, त्यात पाणी झटकून टाकणारे एअरोजेल खास. पण सगळ्यांचा मूळ प्रश्न तोच राहिला: द्रव बाहेर कसा काढायचा?

आणि आता दोन्ही गोष्टी एका खोलीत येतात. सन २०००, अमेरिकेच्या टेनेसीतली ओक रिज नॅशनल लॅबोरेटरी. शेंग दाई आणि सहकाऱ्यांनी विचार केला की जेल तडकतं ते द्रव उडतो म्हणून, तर मग न उडणाऱ्या द्रवातच जेल का बनवू नये? त्यांनी आयनिक लिक्विडमध्ये सिलिकाचा कच्चा माल घातला आणि सोबत फॉर्मिक ॲसिड. हे तेच ॲसिड, लाल मुंगी चावल्यावर चरचरतं ते. त्याच्यामुळे वेगळं पाणी फारसं न घालता सिलिका विरजते. झालं. द्रव उडत नाही, म्हणून सांगाड्याला आठवडेच्या आठवडे शांतपणे मजबूत व्हायला वेळ मिळतो. मग शेवटी दुसऱ्या सॉल्व्हंटने आयनिक लिक्विड धुऊन काढलं आणि एअरोजेल हातात घेतलं.

थांबा. त्यांनी ते धुऊन काढलं! त्यांच्या हातात आयनोजेल होतं आणि त्यांनी ते पुढच्या पायरीचं कच्चं काम समजून मोकळं केलं. त्यांना दोष द्यायचा नाही, त्यांचा उद्देशच एअरोजेल होता. आमच्या ऑफिसात "तात्पुरतं" अशी कॉमेंट टाकून लिहिलेला कोड पुढे खरं प्रॉडक्ट ठरतो, ते मला आठवलं, एवढंच.

तीन वर्षांनी, २००३ मध्ये, लोझानच्या गटाने दुसऱ्या बाजूने प्रयत्न केला. त्यांनी आयनिक लिक्विडमध्ये सिलिकाची तयार नॅनो भुकटी मिसळली. कण एकमेकांना धरून राहतात आणि द्रव गोठल्यासारखा होतो. सोपी, स्वस्त युक्ती, सोलर सेलमध्ये चाललीही. पण ही म्हणजे पिठलं दाटवण्यासारखी गोष्ट, कण फक्त एकमेकांना टेकलेले. विरजलेल्या जेलमध्ये सिलिका रासायनिक बंधांनी सलग जोडलेली असते. एक टोक धरलं तर तोच सांगाडा दुसऱ्या टोकापर्यंत जातो.

ते सलग जाळं, द्रव आत ठेवूनच, केलं फ्रान्सच्या माँपेलिएमध्ये. मारी-आलेक्सांद्रा निऊझ, झाँ ल बिदो, फाब्रिस लरू आणि आंद्रे व्हियू यांचा २००५ चा छोटा पेपर, आणि २००६ मधला सविस्तर पेपर, ज्याच्या शीर्षकातच आयनोजेल हा शब्द आहे. पद्धत ओक रिजच्या जवळची, फॉर्मिक ॲसिडचीच. फरक एका निर्णयाचा: द्रव काढायचा नाही. मिळाला पारदर्शक, न तडकलेला घन तुकडा, ज्याचा बराच मोठा हिस्सा द्रव मीठ आहे. तापवला तरी द्रव उडून जात नाही. आणि त्यातून वीज जवळपास मोकळ्या द्रवाइतकीच वाहते.

पुरावाही ग्रॅहमच्या पद्धतीचाच. द्रव धुऊन काढला तर मागे सच्छिद्र सिलिकाचा सांगाडा उरतो. म्हणजे द्रव भिंतीला रासायनिकरीत्या चिकटलेला नाही, फक्त काही नॅनोमीटरच्या वाटांमध्ये अडकलेला आहे. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट ही वाटते की त्याला अडकवून ठेवणारी ओढ तीच आहे जी वाळताना सांगाडे चिरडत होती. द्रव उडत होता तोवर ती ओढ शत्रू. द्रव उडायचा थांबला आणि तीच पहारेकरी झाली.

आत कोंडल्यावर द्रवाचा स्वभावही बदलतो. जे मीठ मोकळेपणी थंडीत गोठून स्फटिक होतं, ते या अरुंद वाटांमध्ये बऱ्याचदा स्फटिक होतच नाही, कारण रचून बसायला जागाच नसते. भिंतीजवळचे आयन जरा सुस्त, मधले मोकळे. बॅटरीवाल्यांसाठी आणखी एक सोय आहे. विरजायच्या आधी हे मिश्रण पातळ असतं, म्हणून इलेक्ट्रोडच्या सगळ्या कानाकोपऱ्यांत ते ओतता येतं आणि तिथेच घट्ट होऊ देता येतं. ल बिदो पुढे नाँतमध्ये हेच करत राहिले. २०१५ मध्ये त्यांच्या गटाने आयनोजेल चक्क इंकजेटने छापून छोट्या लिथियम बॅटरीसाठी वापरून दाखवलं.

मग माझ्या फोनमध्ये हे का नाही? एक, आयनिक लिक्विड नेहमीच्या सॉल्व्हंटपेक्षा महाग आहेत. दोन, ती घट्टसर असतात, मधासारखी नाही तरी पाण्यासारखीही नाहीत, त्यामुळे थंडीत आयन रेंगाळतात. तीन, आणि हे मोठं आहे: आत चकलीवाले आयनही फिरतात, त्यामुळे वाहणाऱ्या एकूण विजेत लिथियमचा वाटा कमी पडतो, आणि फास्ट चार्जिंगला नेमका तोच हवा असतो. वर सिलिका ठिसूळ, वाकवली की तडकते. म्हणून हल्ली सिलिकाच्या जोडीला पॉलिमर घालून लवचिक जाळी बनवण्यावर बरंच काम चाललंय.

माझा तो फोन मी शेवटी ई-कचऱ्याच्या केंद्रावर दिला. तिथल्या माणसाने तो वाळूच्या डब्यात ठेवला. वाळू म्हणजे पुन्हा सिलिकाच, पण ते तेव्हा मला सुचलं नव्हतं, हा भाग लिहिताना सुचलं. भेटू पुढच्या भागात.